बंद पडणारं इंजिन

मुलांनो, जरा डोळे मिटा. एक लांबलचक पत्र्याची शेड डोळ्यांसमोर आणा. द्राक्षं वाळवून बेदाणा करतात ना, तसली. बाजूंना भिंती नाहीत, नुसती हिरवी जाळी. आत अजून आंबटगोड वास रेंगाळतोय, पण द्राक्षाचा एक मणी नाही. मधोमध उभं आहे एक विमान. खेळण्यातलं नव्हे, खरं. पिवळे पंख, मोपेडला असतात तेवढी चाकं, एकामागे एक दोन खुर्च्या. मागच्या खुर्चीवर खडूने लिहिलंय, ‘केतकी’. आणि विमानाच्या नाकाच्या जागी गोणपाट बांधलंय, कारण आत इंजिनच नाही.

दिसलं? मग उघडा डोळे. आपल्याला इंजिन आणायला जायचंय.

हे विमान अरविंद कुरणे यांनी स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. विट्याच्या बाहेर त्यांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. त्यांची केतकी तेव्हा माझ्या वर्गात, सहावीत होती. मी शाळेत विज्ञान शिकवायचो, म्हणून नकाशातली मापं आणि इंग्रजी सूचना समजून घ्यायला अरविंद माझ्याकडे येत. येता येता दोस्ती झाली. विमान पूर्ण होऊन एक पावसाळा उलटला तरी इंजिन मिळत नव्हतं. परदेशातलं परवडणारं नव्हतं. आपल्याकडे असली इंजिनं बनवणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही घरच्या शेडमध्ये, मोटारीच्या इंजिनात फेरफार करून. एकाने दिलेलं इंजिन पहिल्याच दिवशी, टेबलावर चालवून बघतानाच तडकलं. दुसऱ्याने धंदा बंद करून रसवंतीगृह काढलं. उरले जयसिंगपूरजवळचे भूपाल चौगुले. त्यांनी नाही म्हटलं तर विमानाच्या शेडची पुन्हा बेदाणा शेड होणार, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

टेम्पो घेऊन आम्ही तिघं पोचलो तेव्हा चौगुले उसाच्या कडेला बाजेवर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. पांढरा लेंगा, डोक्यावर टोपी, नाकावर घसरलेला चष्मा.

“या की! बसा. शेंगा घ्या.”

“नमस्कार आण्णा. मी कुरणे. फोन केलेला.” अरविंदांनी आमच्या टेम्पोकडे बोट केलं. “दोरखंड, टायर, सगळं आणलंय. इंजिन लगेच घेऊन जातो.”

“घाई काय हाय? विमान पळून जातंय व्हय?” ते हसले. मग एकदम म्हणाले, “कुरणे, एक सांगा. जेवताना लाईट गेली तर तुम्ही काय करता?”

अरविंद माझ्याकडे बघायला लागले. मी खांदे उडवले.

“उठतो. फ्यूज बघतो.”

“ताटावरून?”

“मग काय अंधारात जेवायचं?”

“हं,” चौगुले म्हणाले आणि एक शेंग फोडली. “आणि मास्तर, तुम्ही?”

“मी बायकोला हाक मारतो,” मी म्हणालो.

घरातून बाहेर येणाऱ्या त्यांच्या पत्नी, त्यांना सगळे आक्का म्हणत, खळखळून हसल्या. चौगुले मात्र हसले नाहीत. त्यांनी केतकीकडे पाहिलं. “आणि दोन खुर्च्यांचं विमान हाय म्हणालासा फोनवर. दुसऱ्या खुर्चीवर कोण?”

“मी!” केतकी म्हणाली.

“अस्सं. आक्का, ह्या बाईसाहेबांना आत न्या. काकवी-भाकरी द्या.”

केतकी आक्कांबरोबर गेली आणि आम्ही शेडकडे वळलो. दारावर चौगुल्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती : ‘येथे विमानाची प्रायोगिक इंजिने मिळतील’.

“ते ‘प्रायोगिक’ काढून टाका आण्णा,” अरविंद गमतीने म्हणाले. “गिऱ्हाईक बिचकतं.”

“बिचकू दे. माझं इंजिन बंद पडतं.”

“काय?”

“बंद पडतं. आज न्हाई, उद्या. उद्या न्हाई, चार वर्सानं. पण पडतं.”

मुलांनो, माल विकणारा माणूस स्वतःच्या मालाबद्दल असं बोलताना मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. अरविंदांच्या कपाळावर आठी चढली. मला वाटलं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

पण इंजिन पाहिलं आणि आठी मावळली. लोखंडी सांगाड्यावर बसवलेलं, राखाडी, तेलाचा एक थेंब कुठे नाही. पुढे लाकडी पंखा, त्याला तारेची जाळी. आणि मागे, चार पावलांवर, जमिनीत बोल्टने पक्की केलेली एक खुर्ची. खुर्चीसमोर दोन गुडघ्यांच्या मधोमध विमानात असते तशी एक उभी दांडी, डाव्या हाताला रेसचा खटका आणि स्टार्टरचं बटण.

“ही खुर्ची कशाला?” मी विचारलं.

“बसायला,” चौगुले म्हणाले. “कुरणे, बसा. समजा, तुम्ही वर हाय. खाली तुमचं विटा दिसतंय. आणि चालवा निवांत.”

अरविंद जरा संकोचून बसले. जमिनीवर बसून आकाशात असल्याचं नाटक करायला मोठ्या माणसाला लाज वाटते. चौगुल्यांनी इंजिन सुरू केलं आणि लाजबीज कुठल्या कुठे गेली. काय आवाज होता! ट्रॅक्टरसारखा ठोकर ठोकर नाही, एकसंध. खुर्चीमागे शेडबाहेरचा ऊस वाऱ्याने आडवा झाला. अरविंदांनी रेस वाढवली, कमी केली, पुन्हा वाढवली. त्यांचा चेहरा जत्रेतल्या पाळण्यात बसलेल्या पोरासारखा झाला होता.

आणि इंजिन फुरफुरलं, दोन आचके दिले आणि बंद पडलं.

पंखा थांबायच्या आत अरविंद उडी मारून इंजिनापाशी. पाना खिशातच असतो त्यांच्या. कार्बोरेटरची नळी काढून पाहिली. पेट्रोल भळाभळा आलं. प्लग काढला. कोरडा, स्वच्छ, बदामी.

“पेट्रोल येतंय. ठिणगी आहे. मग बंद कशाने पडलं?”

चौगुले शेंगा फोडत होते. “बसा परत.”

पुन्हा तोच गोड आवाज. पुन्हा ऊस आडवा. थोड्या वेळाने पुन्हा फुरफुर, आचके आणि शांतता. पुन्हा अरविंद खुर्चीतून झेपावले. या वेळी त्यांनी फिल्टर उघडला, वायरी चाचपल्या, कान लावून इंजिन हाताने फिरवलं. काही म्हणजे काही सापडेना. मीही वाकून बघत होतो. वर्गात ज्या इंजिनाची आकृती मी डोळे मिटून काढायचो, त्याच्यासमोर मी ढिम्म उभा होतो.

“सर, तुम्हाला काय वाटतं?”

“उष्णतेने नळीत वाफ धरत असेल,” मी काहीतरी ठोकून दिलं.

“वाफ असती तर नळीतून पेट्रोल असं आलं असतं का?”

ते खरंच होतं.

तिसऱ्यांदाही तेच झालं. या वेळी अरविंद खुर्चीतून उतरलेसुद्धा नाहीत. बसल्या जागी वाकून त्यांनी रेसचा खटका पुढेमागे केला, स्टार्टर दाबला, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. इंजिन खाकरलं आणि सुरू झालं. अरविंदांनी विजयी मुद्रेने चौगुल्यांकडे पाहिलं.

चौगुल्यांनी स्विच बंद केला. मांडीवरची टरफलं झटकली.

“इंजिन न्हाई मिळायचं तुमास्नी.”

आधी वाटलं, थट्टा करताहेत. पण त्यांनी इंजिनावर ताडपत्री ओढायलाही सुरुवात केली होती.

“म्हणजे?” अरविंदांचा आवाज चढला. “फोनवर हो म्हणालात. लांबून आलोय मी. वर बंद पडणारं इंजिन दाखवताय आणि मलाच नाही म्हणताय? नाही तुम्ही मला म्हणायचं, की मी तुम्हाला?”

“तुम्ही म्हणा. मग तर झालं?”

“झालं काय! अहो, दोष आहे तुमच्या इंजिनात. मी काढून देतो. फुकट काढून देतो. दोन दिवस माझ्या गॅरेजला ठेवा.”

“दोष इंजिनात न्हाई.”

“मग काय माझ्यात आहे?”

अरविंद माझ्याकडे वळले. “चला सर. नुसता भंगार माल आहे हा. पाटी लावलीय प्रायोगिक! आपल्यावर प्रयोग करायला बसलेत.”

तेवढ्यात शेडच्या उघड्या कडेच्या विटांच्या बुटक्या भिंतीआडून हुंदका ऐकू आला. केतकी धावत बाहेर आली. मागून आक्का.

“बाबा, इंजिन भंगार नाहीये! चांगलं आहे. मीच बंद करत होते.”

तिने भिंतीमागे बोट दाखवलं.

आगीचं भय नको म्हणून चौगुल्यांनी पेट्रोलची टाकी त्या भिंतीमागे ठेवली होती. तिथून जमिनीखालून नळी इंजिनापर्यंत येत होती. टाकीला पेट्रोल बंद-चालू करायचा एक पितळी कॉक होता. आक्कांनी केतकीला काकवी-भाकरी दिली, मग त्या कॉकपाशी पाटावर बसवलं आणि सांगितलं, ‘तुला वाटेल तेव्हा बंद कर. इंजिन थांबलं की लगेच उघड. आणि बाबांना सांगायचं न्हाई, गंमत हाय.’ कॉक बंद केला तरी कार्बोरेटरमधलं उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू राहतं. ते थांबतं तोवर तिने कॉक पुन्हा उघडलेला. अरविंदांना नळीत पेट्रोल दिसणारच!

“गंमत?” अरविंद ओरडले. “माझ्या पोरीकडून मला फसवता? ही कुठली धंद्याची रीत?”

“माझी,” चौगुले म्हणाले. “बसा. बसा म्हणतो ना. आक्का, पाणी द्या.”

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं पहिलं इंजिन सोलापूरकडच्या एका माणसाने नेलं होतं. बोअरवेलच्या गाड्या दुरुस्त करायचा तो. हाताला यश असलेला माणूस. एक दिवस वर असताना इंजिन बंद पडलं. खाली ज्वारी काढलेलं मोकळं रान होतं, नजर जाईल तिथवर सपाट. लहान पोरानेसुद्धा उतरवलं असतं.

“सापडला तेव्हा त्याचं बोट स्टार्टरवर हुतं,” चौगुले म्हणाले. “दांडीला हातच लावलेला न्हाई. शेवटपर्यंत इंजिन दुरुस्त करत बसला बिचारा.”

आक्कांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि मी तो तसाच धरून राहिलो.

“पण आण्णा,” अरविंद म्हणाले. त्यांचा राग उतरला होता, पण गोंधळ होता तसाच होता. “इंजिन बंद पडल्यावर इंजिनाकडे नाही बघायचं, तर बघायचं कुठं?”

चौगुल्यांनी हाताचा पंजा सपाट धरला, विमानासारखा. “इंजिन गेलं तरी विमान दगडासारखं पडत न्हाई. तरंगत येतं, कागदाच्या विमानागत. पण त्याला वेग लागतो. म्हणून आधी दांडी पुढं. नाक खाली. मग रान शोधा. वेळ उरला तर इंजिन.” पंजा हळूच घसरत त्यांच्या मांडीवर टेकला. “मला पायलट लोकांची भीती वाटत न्हाई, कुरणे. मला मिस्त्री लोकांची वाटते. तुमचा हात दांडीकडं जातच न्हाई. तीन वेळा बघितलं मी.”

“आता कळलं ना. आता जाईल.”

“कळलं डोक्याला. हाताला?”

“बघा तर खरं!”

चौगुल्यांनी आक्कांकडे पाहिलं. आक्का म्हणाल्या, “एवढं म्हणतोय तर बसू द्या एकदा.”

“एकदाच,” चौगुले म्हणाले. “इंजिन थांबलं की हात आधी दांडीवर गेला, तर मी स्वतः टेम्पोत चढवून देतो. दुसरीकडं गेला, तर जेवून जावा, पण मोकळं जावा. आणि परत यायचं न्हाई.”

“मंजूर.”

“पोरी, कॉकवर तूच बस. कधी बंद करायचं ते तुझं तू ठरव. मी तुझ्याकडं बघणार न्हाई. मी ह्यांचे हात बघणार.”

केतकीने डोळे पुसले. “आणि मी बंदच नाही केला तर?”

या प्रश्नावर चौगुले पहिल्यांदाच घुटमळले. “तर इंजिन थांबणार न्हाई,” ते सावकाश म्हणाले. “टाकी तळाला गेली की मी स्विच बंद करून इंजिन देईन. शब्द म्हणजे शब्द. हात न बघता द्यावं लागलं, तरी देईन.”

“अहो, असं काय करता,” आक्का पुटपुटल्या.

“दुसऱ्या खुर्चीवर ती बसणार हाय. तिला ठरवू दे.”

चौगुले आणि आक्का ताडपत्री काढायला गेले. अरविंद खुर्चीत बसता बसता थांबले, केतकीजवळ आले आणि खाली वाकले. मी तिथेच होतो. त्यांनी माझ्यापासून लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“केतू, आता तू उभी राहा हं. भिंतीवरून तुझं डोकं मला दिसेल.”

“हो.”

“कॉक बंद करायच्या आधी ना, वेणी पुढे घे. एवढंच. म्हणजे मला कळेल.”

केतकीने आपल्या वेणीला हात लावला. “ते चालेल?”

“अगं, मला येतंय गं ते. दांडी पुढे, नाक खाली. येतंच आहे. नुसतं दचकायला नको म्हणून.” त्यांनी तिच्या गालावरची काकवी अंगठ्याने पुसली. “विमान उडवायचंय ना आपल्याला?”

तिने मान हलवली. हो म्हणून की कसं, मला सांगता येणार नाही.

अरविंद खुर्चीकडे गेले. केतकीने माझ्याकडे पाहिलं. परीक्षेत कठीण प्रश्न आला की पोरं बाईंकडे-मास्तरांकडे बघतात ना, अगदी तस्सं. आणि खरं सांगतो, त्या प्रश्नाचं उत्तर मलाही येत नव्हतं. वेणी पुढे घेतली तर तिच्या बापाला आयुष्यभर हवं असलेलं इंजिन मिळणार होतं. नाही घेतली तर कदाचित मिळणार होतं, कदाचित नाही. आणि काहीच केलं नाही, नुसतं उभं राहिलं, तर नक्की मिळणार होतं. मग अवघड कुठे होतं? पण तिचा हात अजून वेणीवरच होता.

“सर, काय करू?”

“केतकी,” मी म्हणालो, “मी ही आकृती कधी शिकवलेली नाही.”

ती भिंतीमागे गेली. एका दगडावर उभी राहिली. अरविंदांना खुर्चीतून तिचं डोकं आणि खांदे दिसत होते. भिंतीच्या टोकाला उभा असल्यामुळे मला ती पूर्ण दिसत होती, आणि कॉकही.

इंजिन सुरू झालं. ऊस आडवा झाला. चौगुले खुर्चीसमोर जमिनीवर फतकल मारून बसले, नजर अरविंदांच्या हातांवर. अरविंदांचा डावा हात रेसवर, उजवा गुडघ्यावर. डोळे मात्र हातांकडे नव्हते, इंजिनाकडेही नव्हते. ते भिंतीवरच्या त्या छोट्या डोक्यावर खिळलेले होते. मधूनच ते हसून मान डोलवत. केव्हाही चालेल, मी तयार आहे.

केतकीही त्यांच्याकडे बघत होती. बराच वेळ. वाऱ्याने तिच्या कपाळावरचे केस उडत होते. टाकीच्या बाजूला काचेची नळी होती, तिच्यात पेट्रोल हळूहळू खाली येताना दिसत होतं. तिने दोनतीनदा वाकून ती नळी पाहिली. मग पुन्हा बाबांना पाहिलं. त्यांनी भुवया उंचावल्या.

ती हसली. बाबांना दिसेल असं, मोठं हसली.

मग कॉकपर्यंत हात पोचायला तिला थोडं वाकावं लागलं. वाकताना वेणी खांद्यावरून पुढे घसरू नये म्हणून तिने डाव्या हाताने ती पाठीवर घट्ट धरून ठेवली, आणि उजव्या हाताने कॉक बंद केला.